मित्र, रस्ता आणि भरतीचं पत्र: या सिनेमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी एकत्र बसून जुने सिनेमे बघतो. येणाऱ्यांत कॉलेजची पोरं-पोरी असतात, भरतीची तयारी करणारे असतात, निवृत्त झालेले एक-दोन मास्तर असतात. मित्रांची ट्रिप आणि पुढ्यात उभं असलेलं युद्ध, अशा सिनेमांची मालिका लावल्यापासून जेवढे प्रश्न आले तेवढे कधीच आले नव्हते. नवीन माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही ठिकाणी शेवट सांगितल्याशिवाय बोलता आलं नाही, तेवढं चालवून घ्या.

हे नेमके कोणत्या प्रकारचे सिनेमे?

तीन-चार मित्र. शाळा किंवा कॉलेज नुकतंच संपलेलं. लांब कुठेतरी युद्ध चालू आहे आणि यांच्यातल्या एक-दोघांना तिकडे जावं लागणार आहे. जायच्या आधी गाडी काढली जाते. निघायचं कारण बहुतेक वेळा फालतू असतं: कुठेतरी पुरून ठेवलेली दारूची बाटली, डोंगरातली शिकार, पलीकडच्या देशातली एक रात्र. गाडी बंद पडते, भांडणं होतात, कोणीतरी प्रेमात पडतं, आणि परत येईपर्यंत ही पोरं निघताना होती तशी राहिलेली नसतात.

या सिनेमांचा खरा विषय आहे पत्र हातात पडल्यापासून घर सोडेपर्यंतचे दिवस. त्या दिवसांत माणूस मित्रांशी कसा वागतो, काय लपवतो, कशावर उगाच चिडतो, हे इतक्या बारकाईने दुसऱ्या कुठल्या सिनेमांत बघायला मिळत नाही.

सुरुवात कुठून करू?

'फँडँगो'पासून. १९८५ चा सिनेमा, केविन रेनॉल्ड्सचा दिग्दर्शक म्हणून पहिला. गोष्ट १९७१ सालची. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातले पाच मित्र, कॉलेज संपल्याची पार्टी जोरात चालू आहे. केनेथचं लग्न ठरलेलं असतं, पण त्याला सैन्याचं बोलावणं आलंय आणि त्याने लग्न मोडून टाकलंय. गार्डनरलाही बोलावणं आलंय, फक्त त्याने ते कोणाला सांगितलेलं नाही. फिल कॉलेजात असतानाच लष्करी प्रशिक्षण घेतलेला, युद्धाच्या बाजूने तावातावाने बोलणारा. डॉर्मन अंगाने दांडगा आणि सतत पुस्तकात डोकं घातलेला. लेस्टर पिऊन इतका आडवा झालेला की जवळजवळ अख्खा प्रवास झोपेतच करतो. हे पाचही जण फिलच्या गाडीतून मेक्सिकोच्या हद्दीकडे निघतात. तिथे नदीकाठी त्यांनी पूर्वी काहीतरी पुरलेलं असतं, ते उकरून काढायला.

वाटेत पेट्रोल संपतं. तेव्हा जाणाऱ्या मालगाडीला गाडी बांधून ओढत न्यायची युक्ती निघते, आणि मालगाडी गाडीचा पुढचा भाग तेवढा उचकटून घेऊन जाते. या प्रसंगाला आमच्याकडे दर वेळी टाळ्या पडतात. पण मी थांबून बघायला सांगतो तो स्मशानातला प्रसंग. रात्रीची वेळ, पोरं आणि वाटेत भेटलेल्या दोन मुली कबरींच्या आडून एकमेकांवर फटाके सोडत लढाई-लढाई खेळतात. आरडाओरडा, धूर, हसणं. खेळ ऐन रंगात असताना समोर एक कबर येते, व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या एका तरुण सैनिकाची. कोणी भाषण करत नाही. खेळ बंद पडतो, बस्स. पुढच्या प्रसंगात तीच पोरं पुन्हा थट्टामस्करी करतात, तरी आवाज थोडे वेगळे लागतात. पडदा काळा झाला तर नुसतं ऐकूनही हा फरक कळेल.

आणखी एक जागा. पोरं एका जुन्या सिनेमाच्या सेटच्या पडक्या सांगाड्यापाशी रात्र काढतात. तो सेट 'जायंट'चा. १९५५ मध्ये टेक्ससच्या मार्फा गावाजवळ त्याचं चित्रीकरण झालं होतं. त्यात काम करणारा जेम्स डीन सिनेमा पडद्यावर येण्याआधीच, ३० सप्टेंबर १९५५ ला, मोटार अपघातात गेला. वय २४. ही माहिती असली की ते उभे वासे बघताना वेगळं वाटतं.

'फँडँगो' तेव्हा चालला नाही. गार्डनरचं काम केविन कॉस्टनरने केलंय, आणि माझ्या मते त्याचं सर्वांत मोकळं काम हेच आहे.

त्यांच्याकडे सक्तीची भरती होती म्हणजे नेमकं काय? नाही म्हणता येत नव्हतं का?

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला नाव नोंदवावं लागायचं. स्थानिक मंडळ त्याची वर्गवारी करायचं. कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत मिळायची, शिक्षण संपेपर्यंत बोलावणं नाही. त्यामुळे ज्याच्या बापाकडे फी भरायला पैसे होते तो चार वर्षं सुरक्षित, आणि कारखान्यात लागलेला त्याच वयाचा पोरगा थेट यादीत. हे ध्यानात घेतलं की यातल्या इतक्या गोष्टी कॉलेज संपण्याच्या दिवशीच का सुरू होतात ते कळतं. पदवी हातात पडली की सवलत संपली.

१ डिसेंबर १९६९ ला सोडत निघाली, टीव्हीवर सगळ्या देशासमोर. काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० मध्ये जन्मलेल्या आणि वाढदिवस १४ सप्टेंबरला असलेल्या मुलांचा नंबर पहिला. नंतर आकडेशास्त्राच्या जाणकारांनी दाखवून दिलं की कुप्या नीट ढवळल्याच गेल्या नव्हत्या, वर्षअखेरच्या महिन्यांतल्या तारखा वाजवीपेक्षा जास्त लवकर निघाल्या होत्या. डिसेंबरात जन्मलेल्या पोरांनी हे वाचलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. १९७३ मध्ये ही पद्धत बंद झाली. या युद्धात एकूण ५८ हजारांवर अमेरिकन सैनिक मेले.

नाही म्हणता यायचं, पण किंमत मोजून: तुरुंग, नाहीतर कॅनडाला पळून जाणं. वैद्यकीय तपासणीत नापास व्हायची धडपडही चालायची. 'बिग वेन्सडे' (१९७८) मध्ये लाटांवर खेळणारे दोस्त तपासणीला जाताना वेड्याचं, लंगड्याचं सोंग घेतात. बघताना हसू येतं. त्यांच्यातला जॅक मात्र कसलंही सोंग न घेता जातो, आणि तेवढ्यापुरतं हसणं थांबतं.

आपल्याकडे सक्ती नाही. इथली पोरं तर भरतीसाठी जीव टाकतात. मग हे रडगाणं आपण का बघायचं?

'फँडँगो' संपल्यावर एका पोराने हाच प्रश्न याहून तिखट विचारला होता: "घरबसल्या पत्र येतंय बे त्यांना, आणि हे रडतायत?" खोली हसली. तो हसला नव्हता.

तो पहाटे पाचला ग्राउंडवर असतो. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचे. मग बीम, नऊ फुटांचा खड्डा, झिगझॅग. छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे. बूट एकच जोड, म्हणून पावसाळ्यात रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवायचे. कोरोनामुळे २०२० नंतर दोन वर्षं सैन्यभरतीचे मेळावे झालेच नाहीत, आणि तेवढ्यात कित्येकांचं वय निघून गेलं. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. वय साडेसतरा ते एकवीस, त्या एका वर्षापुरती सूट देऊन तेवीस. नोकरी चार वर्षांची, पुढे जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम होणार. एवढं करून ज्याचं नाव यादीत लागतं त्याच्या घरी पेढे वाटतात. त्याला गार्डनरचं तोंड पाडून बसणं पटणार नाही, आणि त्याने ते पटवून घ्यावं असा माझा आग्रहही नाही. त्याच्या प्रश्नात दम आहे. सक्तीने नेलेला सैनिक आणि स्वतःहून गेलेला सैनिक यांच्या मनात सारखंच काही असतं, असं मानून चालणं खोटेपणाचं होईल.

पण यादी लागल्यानंतरचे दिवस आठवून बघा. रुजू व्हायची तारीख आली, ट्रंक घेतली, आई लाडू करायला बसली. आणि मित्र म्हणतात, चला, एकदा जाऊन येऊ. दोन मोटारसायकली, चौघं जण. तुळजापूरला दर्शन, तिथून नळदुर्ग. वाटेत चहा, पेट्रोलचे पैसे कोणी द्यायचे यावरून वाद. जाणारा नको तितकी बडबड करतो. घरचं कर्ज, बहिणीचं लग्न, बॉर्डर, यातलं काही तोंडातून निघत नाही. 'फँडँगो'तल्या पोरांचंही हेच चाललेलं असतं.

आणि आपल्या त्या मोटारसायकलवर मागे एक जण बसलेला असतो, जो या पाच अमेरिकन पोरांत नाही. ज्याने जाणाऱ्याबरोबरच दोन वर्षं ग्राउंड मारलं, आणि ज्याचं थोडक्यात हुकलं. तो हसतो, फोटो काढतो, मित्राच्या खांद्यावर हात टाकतो. पुढच्या मेळाव्यापर्यंत वय उरेल का, हा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो. हे सिनेमे आपण बघायचे ते या पोराकडे नीट बघता यावं म्हणून. त्याच्यावरचा सिनेमा माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

स्वतःहून सैन्यात जाणाऱ्या मित्रांवर आहे का काही?

आहे, आणि भरतीच्या पोरांना मी पहिला तोच दाखवतो: 'गॅलिपोली', १९८१, दिग्दर्शक पीटर वियर. ऑस्ट्रेलिया, १९१५. आर्ची १८ वर्षांचा, वेड्यासारखा वेगात धावणारा. घरच्यांपासून लपून त्याला पहिल्या महायुद्धात जायचंय. फ्रँकही धावपटू. त्याला युद्धाशी काही देणंघेणं नाही. दोघांची ओळख शर्यतीत होते. मग मालगाडीतून चुकीच्या जागी उतरल्यामुळे त्यांना वाळवंट पायी तुडवत पर्थ शहर गाठावं लागतं.

त्या वाळवंटात त्यांना एक उंटवाला भेटतो. युद्ध कशावरून चाललंय, असं तो विचारतो. आर्चीला धड सांगता येत नाही. जर्मनांना तिकडे अडवलं नाही तर ते इथवर येतील, एवढं तो म्हणतो. उंटवाला सभोवती पसरलेल्या त्या रखरखीत मैदानावर नजर फिरवतो आणि म्हणतो, येऊ देत की मग. आमच्याकडे या ठिकाणी हशा पिकतो आणि मग एकदम शांतता होते. माळरान बघत वाढलेल्या माणसाला तो उंटवाला लगेच कळतो.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की त्यातला हल्ला खरा आहे, ७ ऑगस्ट १९१५ चा, 'द नेक' नावाच्या चिंचोळ्या पट्ट्यावरचा. आणि धावण्याचं जे सुख सिनेमा पहिल्यापासून दाखवत आलाय, तेच शेवटी छातीत रुततं. घड्याळ लावून १६०० मीटर धावणाऱ्या पोरांना हा सिनेमा जसा भिडतो तसा आम्हा खुर्चीत बसणाऱ्यांना भिडत नाही.

गॅलिपोलीत शीख आणि गुरखा पलटणीही लढल्या. मराठा पलटणी त्याच सुमारास मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन कुतच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला तिला शरणागती पत्करावी लागली. गावाकडून पुणे, पुण्याहून मुंबई, तिथून बोटीने बसरा, हा त्या पोरांचा पहिलाच मोठा प्रवास असणार. त्या प्रवासाचा सिनेमा मला बघायचा आहे.

'द डीअर हंटर' तीन तासांचा आहे. पहिला तास नुसतं लग्नच. कंटाळा येतो.

कंटाळा येऊ द्या, पण पुढे ढकलू नका. पेनसिल्व्हेनियातलं क्लेअरटन गाव, पोलाद कारखान्यातली पाळी संपवून बाहेर पडणारे कामगार दोस्त, त्यांच्यातल्या एकाचं लग्न, आणि लगेच तिघं व्हिएतनामला जाणार. लग्न इतकं लांबवलंय कारण पुढे जे हरवणार आहे ते आधी आपल्या ओळखीचं व्हायला हवं. लग्न उरकून हे दोस्त रात्रीच गाडी काढून डोंगरात शिकारीला जातात. तिथे बुटांवरून जे भांडण होतं ते बघा. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून इतकं वैर का, असं वाटतं, पण ते बुटांसाठी नसतंच.

ज्या घरांनी गिरणीचा भोंगा ऐकत दिवस काढले, त्यांना क्लेअरटन समजावून सांगावं लागत नाही. आमच्यातले एक मास्तर म्हणाले, लग्नाचा हॉल आणि पाळीवरून थेट आलेली माणसं, आपल्या जुन्या मिलच्या आसपासचं लग्न असंच असायचं.

यात व्हिएतनामी माणसं कुठे आहेत?

जवळजवळ नाहीतच. अमेरिकन सिनेमांतला हा मोठा दोष आहे आणि तो झाकून ठेवायचं कारण नाही. 'द डीअर हंटर'मध्ये कैद्यांना रिव्हॉल्व्हरचा जीवघेणा जुगार खेळायला लावणारे व्हिएतनामी सैनिक दाखवले आहेत. असं घडल्याचा पुरावा नाही, आणि त्यावर तेव्हाच टीका झाली होती. व्हिएतनामी मृतांची संख्या लाखांत मोजावी लागते, ती गोष्ट या पडद्यावर येत नाही.

म्हणून आम्ही जोडीला डांग न्यात मिन या व्हिएतनामी दिग्दर्शकाचा 'व्हेन द टेन्थ मंथ कम्स' (१९८४) लावतो. नवरा सैन्यात मारला गेलाय हे एका तरुण बाईला कळलंय, पण आजारी सासऱ्याला धक्का बसू नये म्हणून ती ते मनातच ठेवते आणि नवऱ्याच्या नावाने खोटी पत्रं लिहून घेते. ट्रिप नाही, मित्र नाहीत. तरीही याच मालिकेत तो लावावा असं मला वाटतं.

मित्रांचा घोळका नसेल, एकटाच प्रवास असेल तर?

मग 'बॅलड ऑफ अ सोल्जर', १९५९, सोव्हिएत रशिया, ग्रिगोरी चुखराय. एकोणीस वर्षांचा अल्योशा पराक्रमाबद्दल पदक न मागता घरी जायची रजा मागतो, आईच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला. वाटेत दर माणसासाठी थांबत थांबत त्याची रजा संपत जाते. तो युद्धातून परतणार नाही, हे सिनेमा पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकतो. दीड तासाहून लहान आहे. घरच्या सगळ्यांना घेऊन बघा.

'द लास्ट डिटेल' (१९७३) हाही जरूर बघा. नौदलातले दोघं एका १८ वर्षांच्या खलाशाला तुरुंगात पोचवायला निघतात. दानपेटीतून चाळीस डॉलर चोरायचा प्रयत्न केला म्हणून त्याला आठ वर्षांची शिक्षा झालेली असते. शिव्या भरपूर.

या गोष्टींत मुली फक्त निरोप द्यायलाच का?

आमच्याकडच्या मुलींनी हे पहिल्याच रविवारी विचारलं. 'अमेरिकन ग्राफिटी' (१९७३) ही एका रात्रीची गोष्ट, आणि शेवटी त्यातल्या चार पोरांचं पुढे काय झालं ते पडद्यावर लिहून येतं. त्याच रात्रभर तितक्याच जगलेल्या मुलींचं काय झालं, त्याची एक ओळ नाही. 'फँडँगो'त केनेथने जिच्याशी लग्न मोडलं त्या डेबीवर दोघांचं प्रेम आहे, पण तिला काय हवंय हे तिला कोणी धड विचारत नाही.

वेगळं हवं असेल तर नॅन्सी सवोका या दिग्दर्शिकेचा 'डॉगफाइट' (१९९१) बघा. नोव्हेंबर १९६३, सॅन फ्रान्सिस्को. दुसऱ्या दिवशी बोटीवर चढणारे मरीन दलाचे सैनिक एक क्रूर पैज लावतात: पार्टीला सर्वांत कुरूप मुलगी कोण आणेल. पैजेसाठी आणलेल्या रोझला हे कळतं तेव्हा ती गप्प बसत नाही, आणि रात्रीचा उरलेला भाग तिचा होतो. आणि रशियन 'द क्रेन्स आर फ्लाइंग' (१९५७) मागे राहिलेल्या वेरोनिकाचा आहे.

ट्रिप तर दूरच, आपल्याकडे मुलीला रात्री नऊनंतर बाहेर राहायला परवानगी मिळवणं हीच एक लढाई असते. आणि आता मुलीही भरती देतात. २०२२ पासून एनडीएमध्येही मुलींची तुकडी आहे. तिच्या निघण्याआधीच्या आठवड्यात तिच्या मैत्रिणी कुठे जातात, कोणाची गाडी मागतात, घरी काय सांगतात, हा सिनेमा कोणीतरी सोलापुरातच करावा.

हिंदी-मराठीत असं काही आहे का?

तुकड्या-तुकड्यांत आहे. फरहान अख्तरने २००१ मध्ये 'दिल चाहता है' केला: तीन मित्र, गोव्याची ट्रिप, मोठं होण्याची धास्ती. २००४ मध्ये त्यानेच 'लक्ष्य' केला: दिशाहीन पोरगा, लष्करी प्रशिक्षण, कारगिल. दोन्ही अर्धे त्याच्याच हातात होते, ते एका सिनेमात कधी आले नाहीत. त्यातल्या त्यात जवळ येतो तो २००६ चा 'रंग दे बसंती'. उघड्या जीपमधून भटकणारे मित्र, त्यांच्यातल्या वैमानिकाचा मृत्यू, आणि मग मागे न फिरणारी वाट. सोलापूरच्या माणसाला तो बघताना १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन आठवल्याशिवाय राहत नाहीत. ज्या चौकात आपली पोरं चहा पीत उभी असतात तिथे त्यांचे पुतळे आहेत.

मराठीत वयात येण्याचे सिनेमे अव्वल आहेत. करमाळ्याच्या मातीतून आलेल्या नागराज मंजुळेंनी 'फँड्री' आणि 'सैराट'मध्ये ते करून दाखवलंय. भरती आणि दोस्ती यांचा मराठी सिनेमा मात्र माझ्या पाहण्यात नाही.

सोलापूरचा स्वतःचा असा कोणी आहे का, जो मित्रांबरोबर युद्धाच्या प्रवासाला निघाला?

आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस. पुढे एकेक करून बाकीचे चौघं परतले. कोटणीस राहिले. आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, चिनी शिकले, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ग्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले तेव्हा ३२ वर्षांचे होते आणि मुलगा काही महिन्यांचा.

व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' केला, स्वतः कोटणीसांची भूमिका करून. तो बघायलाच हवा. तरीही मला वाटतं की बोटीवरच्या त्या पाच जणांचा सिनेमा अजून व्हायचाय. पाच डॉक्टर, कोणी अलाहाबादचा, कोणी नागपूरचा, दोघं कलकत्त्याचे, एक सोलापूरचा, ज्या देशाची भाषा येत नाही तिथे निघालेले. रात्री डेकवर काय बोलत असतील? घरची आठवण पहिली कोणाला आली असेल? भैय्या चौकात कोटणीसांचं स्मारक आहे. पुढच्या वेळी तिकडून जाताना आत जाऊन या.

वय किती असावं? आईवडिलांनी काय बघून ठरवावं?

'बॅलड ऑफ अ सोल्जर' आणि 'गॅलिपोली' दहावीच्या मुलांनाही चालतील. 'फँडँगो' आणि 'अमेरिकन ग्राफिटी'त दारू आहे, कॉलेजच्या वयाला ठीक. 'द डीअर हंटर' अठरानंतरच. त्यातला जुगाराचा प्रसंग मोठ्यांनाही रात्री झोपू देत नाही.

इंग्रजी नीट कळत नाही. काय करू?

इंग्रजी सबटायटल लावून बघा आणि सोबत एक समजावणारा ठेवा. आमच्याकडे अडलेलं वाक्य कोणीतरी मराठीत सांगतं, कोणी कन्नडमध्ये, मागून तेलुगूतही येतं. वेळ जास्त लागतो. हरकत नाही.

सिनेमा बघून आम्हालाही ट्रिप काढावीशी वाटली. सोलापूरहून कुठे जावं?

नळदुर्ग पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात बोरी नदीला पाणी असलं की किल्ल्यातला पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे बघण्यासारखे. विजयपूर शंभरेक किलोमीटर, गोलघुमटात कुजबुजून बघा. थंडीत कोणाच्या रानात हुरडा असेल तर लांब जायचीही गरज नाही, शेंगाचटणी घरून न्या. पिऊन गाडी चालवू नका आणि हेल्मेट घाला. 'अमेरिकन ग्राफिटी'तल्या एका पोराचा शेवट युद्धात झालेला नाही, दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या गाडीखाली झालाय.

मित्राची निवड झाली, माझी नाही. पुढच्या आठवड्यात तो बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात रुजू होतोय. आम्ही दोघांनी मिळून यातला कोणता बघावा?

'अमेरिकन ग्राफिटी'. १९६२ मधली एक रात्र, सकाळी दोघं मित्र गाव सोडून शिकायला जाणार. शेवटी एकच जातो, आणि तो कोण हे रात्र ठरवते. जाणारा आणि राहणारा, दोघांनाही सिनेमाने सारख्या मायेने वागवलंय, म्हणून तुम्हाला हाच सुचवतो. गाडीत सतत गाणी वाजतात, हसायला भरपूर आहे. 'द डीअर हंटर' या आठवड्यात नको, तो पहिल्या सुट्टीला आला की बघा.

बघताना त्याच्यासाठी आनंदी आहात हे दाखवायची धडपड करू नका, त्याला ते माहीत आहे. तुमचं हुकल्याचं दुःख त्याच्यासमोर बोललात तरी चालेल. दोन वर्षं तुमच्याबरोबर धावलेल्या माणसाइतकं ते दुसऱ्या कोणाला कळणार आहे? त्याची गाडी किती वाजताची आहे ते आजच विचारून घ्या, आणि त्या दिवशी क्लास बुडवून स्टेशनवर जा. पुढच्या मेळाव्याच्या नोंदणीची तारीखही त्याच्याच समोर मोबाइलमध्ये टाकून ठेवा, म्हणजे तिकडून फोन करून तो तुम्हाला आठवण करून देईल.